हाथोर : राजांची आई, खाणमजुरांची मालकीण

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये तांबूस वाळूच्या दगडाची एक लहानशी मूर्ती आहे. लांबी अवघी वीतभर. शरीर सिंहाचे आणि डोके माणसाचे. अशा मूर्तीला स्फिंक्स म्हणतात. पिरॅमिडजवळचा तो अवाढव्य स्फिंक्स आपण सर्वांनी चित्रात पाहिलेला आहे. त्याच्यापुढे ही मूर्ती म्हणजे लहान मुलाचे खेळणेच! घडणही ओबडधोबड. राजदरबारच्या कारागिराचा हात तिला लागलेला नाही, हे पाहताक्षणी कळते. पण या खेळण्याएवढ्या दगडावर कुणीतरी काही अक्षरे खरवडून ठेवली आहेत. इंग्रजी, ग्रीक, रशियन, अरबी, हिब्रू या भाषा आज ज्या अक्षरांत लिहिल्या जातात, त्यांचा उगम शोधत मागे मागे गेले की वाट या दगडापाशी येऊन पोहोचते.

ही अक्षरे कुणासाठी खरवडली होती? हाथोरसाठी.

हाथोर ही प्राचीन इजिप्तची प्रेमाची, मातृत्वाची, नाचगाण्याची आणि आनंदाची देवता. आज तिची पूजा कुणी करीत नाही. तिच्या देवळांत दिवा लागून दीड हजार वर्षे उलटून गेली. तेव्हा वाचक माता-भगिनींनी, घरात आणखी एक देवी आणण्याचा हा खटाटोप आहे असे समजू नये. देव माणसांनीच घडविलेले असतात. म्हणूनच एखाद्या देवतेपाशी कोण कोण गेले आणि काय काय मागितले, हे पाहिले की त्या काळच्या माणसांची सुखदुःखे आपोआप उघडी पडतात. राजांचा इतिहास दगडात मोठ्या अक्षरांनी कोरलेला असतो. बाळंतिणीचा, खाणमजुराचा इतिहास शोधायचा तर असाच कुठेतरी शोधावा लागतो.

गाईचे कान असलेली बाई

हाथोरला कधी गाय म्हणून दाखवितात, तर कधी डोक्यावर गाईची शिंगे आणि त्या शिंगांमध्ये सूर्याची तबकडी असलेली बाई म्हणून. तिसरे रूप सर्वांत नवलाचे. समोरून पाहणारा बाईचा चेहरा, दोन्ही बाजूंना जड केसांची महिरप, आणि कान मात्र गाईचे. इजिप्शियन चित्रांत माणसे आणि देव बहुधा एका बाजूने दाखवलेले असतात, तोंड डावीकडे किंवा उजवीकडे. हाथोर मात्र थेट आपल्याकडे पाहते. गाईचे कान असल्यामुळे ती ऐकतेही आहे असे वाटते. लोकांनाही तसेच वाटत असावे, कारण तिच्या देवळांत लाकडाचे आणि दगडाचे छोटे छोटे कान वाहिलेले सापडले आहेत. माझे गाऱ्हाणे ऐक, एवढाच त्याचा अर्थ.

तिच्या नावाचा अर्थ ‘होरसचे घर’. होरस हा ससाण्याच्या रूपातला देव, आणि इजिप्तचा राजा म्हणजे जिवंत होरस, अशी तिथली समजूत. मग होरसला पोटात घेणारी ती राजाची आईच झाली! राजांनी या नात्याचा उपयोग करून घेतला नसता तरच नवल. हाथोर गाईच्या आचळाला तोंड लावून दूध पिणारा राजा अनेक ठिकाणी कोरलेला आहे. इ.स.पूर्व पंधराव्या शतकात हत्शेपसूत ही बाई स्वतः राजा म्हणून गादीवर बसली. देर अल्-बाहरी येथील तिच्या देवळात हाथोर गाय तिचा हात चाटते आहे, गाय आपल्या वासराला चाटते तशी. बाई राजा कशी होईल, असे विचारणाऱ्यांना हे दगडी उत्तर होते. मला देवतेनेच दूध पाजले आहे, आता बोला! सत्तेला नेहमीच कुणाच्या तरी दुधाचा दाखला लागतो.

हाथोरचे वाद्य म्हणजे सिस्ट्रम. मुठीला जोडलेली धातूची कमान, तिच्यात आडव्या सळया आणि सळयांना लहान चकत्या. हलविले की खुळखुळ वाजते. पुरातन काळात, म्हणजे पिरॅमिड बांधले जात होते त्या काळात, हाथोरच्या पूजेचा अधिकार पुष्कळशा स्त्रियांकडे होता. केवळ राजघराण्यातल्या नव्हे, अधिकाऱ्यांच्या बायकामुलींच्या थडग्यांतही ‘हाथोरची पुजारीण’ अशी पदवी कोरलेली सापडते. पुढे देवळांचे उत्पन्न वाढले, पुरोहितपण हा पुरुषांचा कायमचा पेशा झाला आणि स्त्रिया गायिका व वादक म्हणून मागे सरकल्या. हातात खुळखुळा राहिला, किल्ल्या गेल्या.

सात हजार घागरींची गोष्ट

प्रेमाची देवता असली तरी हाथोर नुसती गोजिरवाणी नव्हती. तिच्याविषयीची एक कथा तूतनखामेनच्या थडग्यातल्या सोनेरी देव्हाऱ्यावर आणि राजा सेती पहिला याच्या थडग्यात लिहिलेली सापडली आहे.

सूर्यदेव रा म्हातारा झाला. माणसे त्याच्याविरुद्ध कट करू लागली. तेव्हा त्याने आपला डोळा हाथोरच्या रूपाने माणसांवर सोडला. ती वाळवंटात शिरली आणि कत्तल करीत सुटली. तिला रक्ताची चटक लागली. आता एकही माणूस उरत नाही असे दिसले, तेव्हा रा घाबरला. त्याने दक्षिणेकडून लाल माती मागविली. दासींनी बार्ली भरडून बिअर केली. तिच्यात ती लाल माती कालवली आणि अशा सात हजार घागरी रातोरात शेतांत ओतल्या. सकाळी हाथोर आली. समोर रक्ताचे तळे समजून ती घटाघटा प्यायली, झिंगली, आणि माणसांना ओळखेनाशी होऊन परत फिरली. माणूसजात वाचली.

या कथेवरून हाथोरच्या उत्सवात मद्य पिण्याची रूढी होती. पंचशील घेतलेल्या घरांत हे वाचताना भुवया वर जातील, आणि जायलाच हव्यात. पगाराच्या दिवशी नवऱ्याची वाट पाहणाऱ्या बाईला मद्याचा महिमा कुणी सांगू नये. पण या कथेतली एक गोष्ट मनात राहते. माणसे वाचली ती राजामुळे नव्हे, रा देवाच्या पराक्रमामुळेही नव्हे. ती वाचली रात्रभर धान्य भरडणाऱ्या दासींमुळे. त्यांची नावे मात्र कथेत नाहीत.

बाळंतिणीच्या विटा

इजिप्तमध्ये बाई बाळंत होताना विटांवर उकिडवी बसत असे. हे जुन्या लेखांवरून माहीत होते, पण अशी वीट कुणी पाहिली नव्हती. २००१ साली अबायडॉस येथे पेनसिल्व्हानिया विद्यापीठाच्या जोसेफ वेग्नर यांच्या पथकाला एका जुन्या घराच्या उत्खननात ती सापडली. कच्च्या मातीची, सुमारे ३७०० वर्षांपूर्वीची. तिच्यावर रंगीत चित्र आहे. आई आसनावर बसली असून तिच्या हातात नुकतेच जन्मलेले मूल आहे. पुढेमागे मदतीला दोन बाया आहेत. आणि दोन्ही बाजूंना उभे खांब, त्यांच्या टोकाला गाईच्या कानांची हाथोर.

त्या काळी बाळंतपण म्हणजे बाईचा पुनर्जन्मच. दवाखाना नाही, रक्त नाही, टाके नाहीत. जे होते ते शेजारच्या दोन बाया, पायाखालची वीट आणि मनातली देवता. ज्यांच्या आजीने शेतातल्या खोपटात मुले जन्माला घातली, त्यांना हे चित्र परके वाटणार नाही.

देर अल्-बाहरीला हाथोरच्या स्थानी बायांनी वाहिलेल्या वस्तू ढिगांनी सापडल्या. मण्यांच्या माळा, मातीच्या बाहुल्या, लहान गाई, आणि तागाच्या कापडावर काढलेली चित्रे. कापडावर हाथोर गाय आणि तिच्यासमोर नैवेद्य घेऊन उभी असलेली बाई, कधी तिची मुले. कुणी मूल मागितले असेल, कुणी जगलेल्या मुलासाठी आभार मानले असतील. पुजाऱ्यांनी काय केले? जागा भरली की या साऱ्या वस्तू उचलून बाहेर टाकल्या. संशोधकांना त्या सापडल्या त्या कचऱ्याच्या ढिगाऱ्यांत. पुजाऱ्यांनी फेकले म्हणून इतिहासाला मिळाले, असाही न्याय असतो.

मूल जन्मले की सात हाथोर येऊन त्याचे भविष्य सांगतात, अशीही समजूत होती. आपल्याकडे पाचवीच्या रात्री सटवाई येऊन कपाळावर लिहून जाते असे म्हणत, त्यातलाच हा प्रकार. या समजुतीवर रचलेली एक गोष्ट ब्रिटिश म्युझियममधल्या एका पपायरसवर, म्हणजे लव्हाळ्याच्या कागदावर, लिहिलेली आहे. एका राजाला फार नवसाने मुलगा झाला. सात हाथोर आल्या आणि म्हणाल्या, याचा मृत्यू मगरीने, सापाने किंवा कुत्र्याने होईल. राजाने घाबरून वाळवंटात दगडी घर बांधले आणि मुलाला कोंडून ठेवले. मुलगा मोठा झाला. एकदा गच्चीवरून त्याने माणसामागे धावणारे कुत्रे पाहिले आणि हट्ट धरला, मलाही एक हवे. शेवटी त्याला पिल्लू दिले. पुढे तो म्हणाला, मरायचे असेल तर मरेन, पण कोंडून घेऊन बसणार नाही. तो दूर देशी गेला. तिथे उंच खिडकीपर्यंत उडी मारून त्याने राजकन्या जिंकली. बायकोला भविष्य कळले. नवऱ्याला झोप लागली असता तिने सापासाठी मद्याचे भांडे ठेवले. साप प्यायला, उताणा पडला, आणि तिने कुऱ्हाडीने त्याचे तुकडे केले. एक भविष्य तर तिने आपल्या हाताने खोटे पाडले! पुढे मगर आणि कुत्र्याचे काय झाले? ते कळत नाही. पपायरस तिथेच फाटलेला आहे. लिहिणाऱ्याने शेवट कसाही केलेला असो, झोपलेल्या नवऱ्याच्या उशाशी कुऱ्हाड घेऊन जागणारी ती बायको आपल्याला सातही हाथोरांपेक्षा मोठी वाटते.

भिंतीच्या मागून

हाथोरचे सर्वांत मोठे देऊळ दक्षिण इजिप्तमध्ये देंदेरा येथे आहे. तिथे तिचे स्थान फार जुने, पण आज उभी असलेली इमारत इ.स.पूर्व ५४ मध्ये बांधायला घेतली आणि काम रोमन अमलातही चालू राहिले. समोरच्या सभामंडपात २४ प्रचंड खांब आहेत आणि प्रत्येक खांबाच्या माथ्यावर चारही बाजूंना हाथोरचा चेहरा आहे. पुढे ख्रिस्ती धर्म आल्यावर यातले बहुतेक चेहरे छिन्नीने फोडण्यात आले. मागच्या भिंतीवर प्रसिद्ध राणी क्लिओपात्रा आणि तिचा मुलगा यांची उंच चित्रे आहेत. काजळीने काळवंडलेली छते अलीकडच्या वर्षांत स्वच्छ केली, तेव्हा दोन हजार वर्षांपूर्वीचे निळे रंग पुन्हा दिसू लागले.

पण एवढ्या थाटाच्या देवळात सामान्य माणसाला किती आत जाता येत होते? गाभाऱ्यात राजा आणि पुरोहित, बस्स. बाकीच्यांनी बाहेर. वर्षातून एकदा हाथोरची मूर्ती नावेत बसवून नाईल नदीतून दीडशेहून अधिक किलोमीटर दक्षिणेला एडफू येथे होरसच्या भेटीला नेत. तेव्हा काठावर लोकांची झुंबड उडे, कारण देवता त्यांच्या इतक्या जवळून जाण्याचा तोच दिवस. एरवी लोक देवळाच्या मागे जात. गाभाऱ्याच्या नेमक्या पाठीमागे, बाहेरच्या भिंतीवर, हाथोरचा एक मोठा चेहरा कोरलेला आहे. त्यावर एके काळी सोन्याचा पत्रा होता. आतली मूर्ती आणि बाहेरचा माणूस यांच्यामध्ये फक्त भिंत. तिथे उभे राहून लोक आपले गाऱ्हाणे सांगत.

देवळाच्या भिंतीबाहेर उभे राहणे म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना निराळे सांगायला नको. मात्र फरकही सांगितला पाहिजे. तिथली मनाई जन्मजात अस्पृश्यतेतून आलेली नव्हती. देवळातले कितीतरी पुरोहित पाळीपाळीने काही महिने सेवा करीत आणि पाळी संपली की आपल्या नेहमीच्या कामाला लागत. बाहेरच्या माणसाचा स्पर्श कुणाला बाटवीत नव्हता. तरीही भिंत ती भिंतच!

कामगारांच्या वस्तीत

लक्सरजवळ नाईलच्या पश्चिम काठाला देर अल्-मेदिना नावाचे एका कामगार वस्तीचे अवशेष आहेत. राजांची थडगी डोंगरात खोदणारे, रंगविणारे कारागीर इथे पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. चिकटून चिकटून बांधलेली अरुंद घरे, मधून एक गल्ली. आपल्या चाळीचीच आठवण यावी. राजा सेती पहिला याच्या काळात इथे हाथोरचे छोटे देऊळ झाले.

या लोकांची हजेरी दगडाच्या कपच्यांवर लिहीत. राजा रामसेस दुसरा याच्या चाळिसाव्या वर्षाचे असे एक मस्टर ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. कोण कुठल्या दिवशी आणि का आला नाही, ते त्यात लिहिले आहे. एकाला विंचू चावला, एकाचे डोळे आले, एक आईच्या अंत्यविधीला गेला, एक बिअर गाळीत होता. आणि घरात बायकोची किंवा मुलीची मासिक पाळी आहे, हेही गैरहजेरीचे कारण म्हणून साहेबाने निमूटपणे नोंदविले आहे.

याच वस्तीत २०१४ साली अ‍ॅन ऑस्टिन या संशोधिकेला एका स्त्रीच्या ममीवर तीसएक ठिकाणी गोंदलेले आढळले. मानेवर डोळे, कमरेवर कमळे, आणि हातावर गळ्यात माळ घातलेल्या गाई. म्हणजे हाथोरची खूण. ती बाई देवळात गाणारी असेल, औषधपाणी करणारी असेल, काही असो. तीन हजार वर्षांपूर्वीचे तिचे गोंदण कातडीवर अजून टिकून आहे. हातावर तुळस आणि कपाळावर ठिपका गोंदवून घेतलेल्या आपल्या आज्यांना कुणी ही बातमी सांगितली असती, तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला असता, गोंदताना फार दुखले असेल का गं तिला?

याच कामगारांनी रामसेस तिसरा याच्या कारकिर्दीच्या एकोणतिसाव्या वर्षी, म्हणजे इ.स.पूर्व ११५७ च्या सुमारास, संप केला. पगार धान्यात मिळे आणि तो थकला होता. हत्यारे खाली ठेवून ते बाहेर पडले आणि एका देवळाच्या मागे जाऊन बसले. आम्ही भुकेले आहोत, तहानलेले आहोत, अंगावर कपडा नाही, तेल नाही, मासे नाहीत, भाजी नाही. राजाला कळवा, असे त्यांनी अधिकाऱ्यांना सांगितले. हा जगातला नोंदलेला पहिला संप होय. तो लिहून ठेवलेला पपायरस इटलीत तुरीनच्या संग्रहालयात आहे. हाथोरसमोर कान वाहणारी ही माणसे पोटाचा प्रश्न आला तेव्हा नुसत्या देवीवर अवलंबून राहिली नाहीत, हे लक्षात घेतले पाहिजे.

पिरोजाची मालकीण

आता पुन्हा त्या वीतभर स्फिंक्सकडे येऊ. तो देर अल्-मेदिनाचा नव्हे. त्याहून सहाशे-सातशे वर्षे आधीचा आणि तिथून फार दूरचा आहे.

इजिप्तच्या ईशान्येला सिनाई नावाचा रखरखीत डोंगराळ मुलूख आहे. तिथे सेराबित अल्-खादिम या पठारावर पिरोजा हे निळसर हिरवे रत्न मिळे. राजाला दागिन्यांसाठी ते हवे असे. म्हणून गाढवांवर पाणी आणि धान्य लादून शेकडो माणसांच्या मोहिमा तिकडे निघत. हाथोरला इथे ‘पिरोजाची मालकीण’ म्हणत, आणि खाणींच्या माथ्यावर, पठारावरच तिचे देऊळ होते.

काम कसे होते? राजा अमेनेमहात तिसरा याच्या सहाव्या वर्षी, म्हणजे सुमारे ३८०० वर्षांपूर्वी, हरवेरे नावाचा अधिकारी मोहीम घेऊन आला. त्याने तिथे दगड उभा करून आपली हकिगत कोरून ठेवली आहे. तो आला ऐन उन्हाळ्यात, जेव्हा कुणी तिथे येत नाही. डोंगर तापलेले, अंगाची कातडी भाजून निघते. जुने जाणकार म्हणाले, पिरोजा डोंगरात आहेच, पण या दिवसांत त्याला रंग येत नाही. तरी तो हटला नाही आणि हुकमापेक्षा जास्त माल घेऊन परतला. पुढे येणाऱ्यांनाही तो बजावतो की हाथोरला प्रसन्न करा. ही झाली साहेबाची बाजू. भाजलेली कातडी बहुतेक खाली खणणाऱ्यांचीच असणार, पण त्यांच्या नावाने असा दगड उभा राहिला नाही.

त्यांनी आपली आपण सोय केली.

या खाणींवर इजिप्शियन लोकांबरोबर कनानी लोकही होते. आजच्या पॅलेस्टाईन, इस्रायल, लेबनॉन, सीरिया या भागांतली ही माणसे. मोहिमांच्या याद्यांत त्यांची नोंद आहे, दुभाषांचीही आहे. सभोवार देवळाच्या भिंतींवर आणि खडकांवर चित्रलिपीचे लेख, पण ती लिपी म्हणजे सातशेहून अधिक चिन्हांचे जंगल. ती शिकायला वर्षे लागत आणि ती लेखनिकांच्या ताब्यात. इजिप्तमध्येच शंभरात एखाद्याला वाचता येत असेल, असा विद्वानांचा अंदाज आहे. परमुलखातल्या खाणमजुराला ती कोण शिकविणार?

आणि इथे कुणाला तरी ती युक्ती सुचली. आपल्या मुलांच्या अंकलिपीत असते ना, घराचे चित्र आणि ‘घ घराचा’? अगदी तीच. कनानी भाषेत घराला ‘बेत’ म्हणत. म्हणून घराचे चित्र काढायचे आणि त्याचा उच्चार करायचा फक्त ‘ब’. पाण्याला ‘मेम’, म्हणून लाटांची रेघ म्हणजे ‘म’. बैलाला ‘अलेफ’, म्हणून बैलाचे डोके हे त्या शब्दाच्या आरंभीच्या आवाजाचे अक्षर. चित्रे इजिप्तची, बोली आपली. सातशे चिन्हांचे काम तीसेक चिन्हांत होऊ लागले. जे शिकायला आयुष्य लागे, ते आता चार दिवसांत जमण्यासारखे झाले.

१९०५ साली फ्लिंडर्स पेट्री हे इंग्रज पुराणवस्तुसंशोधक पत्नी हिल्डा यांच्यासह सिनाईत काम करीत होते. त्यांना हे वेडेवाकडे लेख दिसले. हे गिरगटणे नाही, ही मजुरांची स्वतःची लिपी असावी, हे पेट्रींनी ओळखले. पण वाचता येईना. १९१६ साली अ‍ॅलन गार्डिनर यांनी कोडे फोडले. चार चिन्हे पुन्हा पुन्हा एकाच क्रमाने येत होती. घर, डोळा, वाकडी काठी, फुली. ब, अ, ल, त. ‘बाअलत’, म्हणजे मालकीण, बाईसाहेब. कनानी लोक हाथोरला त्यांच्या बोलीत हेच म्हणत. त्या लहान स्फिंक्सवर इजिप्शियन चित्रलिपीत लिहिले आहे की हा पिरोजाची मालकीण हाथोर हिचा लाडका, आणि त्याच दगडावर मजुरांच्या अक्षरांतही तेच, बाअलतचा लाडका. एकाच दगडावर साहेबाची लिपी आणि मजुराची लिपी!

ही लिपी निरक्षर मजुरांनीच शोधली, असे इस्रायलच्या विदुषी ऑर्ली गोल्डवासर यांनी आग्रहाने मांडले आहे. लेखांतल्या चुका, ओळींचा वेडावाकडा क्रम, चिन्हांची मनमानी दिशा ही त्यांची साक्ष. दुसऱ्या काही विद्वानांना ते पटत नाही. इतकी बुद्धीची गोष्ट चित्रलिपी जाणणाऱ्यालाच सुचेल, असे ते म्हणतात. १९९० च्या दशकात दक्षिण इजिप्तच्या वाळवंटातही याच प्रकारचे दोन लेख मिळाले, त्यामुळे पहिले अक्षर नेमके कुठे उमटले हा वादही चालूच आहे. पण सिनाईत जे तीसचाळीस लेख उरले आहेत, ते राजाचे नाहीत आणि राजासाठीही नाहीत. बुद्धीची गोष्ट शाळा शिकलेल्यालाच सुचते, हे मानायला मात्र प्रस्तुत लेखक तयार नाही.

पुढे ही अक्षरे व्यापाऱ्यांच्या आणि मजुरांच्या तोंडी व हाती पसरली. कनान देशात लाखीश येथे हस्तिदंताची एक फणी सापडली आहे. तिच्यावर या अक्षरांतले एक अख्खे वाक्य २०२२ साली वाचून प्रसिद्ध करण्यात आले. त्यात काय असावे? केसांतल्या आणि दाढीतल्या उवा या फणीने निघोत, एवढेच! अक्षरलिपीतले आजवर मिळालेले सर्वांत जुने पूर्ण वाक्य ते हे. घराघरांत मुलींच्या वेण्या घालणाऱ्या आया हे वाचून हसतील.

कनानींच्या अक्षरांवरून फिनिशियन लोकांची लिपी झाली. तिच्यापासून एका बाजूला ग्रीक झाली, अलेफचा अल्फा आणि बेतचा बीटा. ‘अल्फाबेट’ हा शब्द बैल आणि घर या दोन शब्दांचा आहे. इंग्रजी ‘ए’ हे अक्षर उलटे धरून पाहा, बैलाची शिंगे दिसतील. दुसऱ्या बाजूला अरामी लिपी झाली, आणि ती इराणच्या साम्राज्याबरोबर थेट हिंदुस्थानच्या वायव्य सीमेपर्यंत आली. तिच्यावरून खरोष्ठी लिपी घडली. शाहबाजगढी आणि मानसेहरा येथील सम्राट अशोकाचे शिलालेख खरोष्ठीत आहेत. आपल्या देवनागरीची पणजी ब्राह्मी लिपी कशी जन्मली, याबद्दल एकमत नाही. पुष्कळ पंडित तिच्यातही अरामीचा अंश पाहतात, तर काही तिला या मातीतलीच मानतात.

पण कंदाहारच्या बाबतीत वादाला जागा नाही. १९५८ साली अफगाणिस्तानात जुन्या कंदाहारजवळच्या खडकावर अशोकाचा एक लेख उजेडात आला. वरचा भाग ग्रीक, खालचा अरामी. दोन्ही लिप्या त्या बैलाच्या डोक्याच्या आणि घराच्या चित्राच्या लेकी. राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर राजाने लोकांना धम्म दाखविला, असे त्यात सांगितले आहे. राजाने प्राण्यांची हत्या सोडली, शिकारी आणि कोळीही थांबले. आणि लोक पूर्वी करीत नव्हते ते आता करू लागले आहेत, असेही त्यात लिहिले आहे. ते आपल्या आईचे आणि बापाचे ऐकतात.